घोड्याची जात आणि विषाणू : दोन आजारांची एक वाट

तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो. घेणारा माणूस घोड्याचं तोंड उघडून दातांवरून वय ताडतो, खूर उचलून पाहतो, भोवरे कुठे कुठे आहेत ते बघतो, देवमण, म्हणजे गळ्यावरचा शुभ मानला जाणारा भोवरा, आहे का हे हटकून विचारतो आणि चाल पाहायला दोन फेऱ्या मारून घेतो. विकणारा घोड्याच्या बापाचं नाव सांगतो, आजोबाचंही सांगतो. एवढ्यातून पुष्कळ कळतं. पण दोन गोष्टी कितीही तरबेज नजरेला दिसत नाहीत. या घोड्याच्या रक्तात काही पिढीजात दोष दडलाय का, आणि त्याच्या अंगात एखादा विषाणू मुक्काम ठोकून आहे का.

पशुवैद्यकाच्या पुस्तकांत आनुवंशिक रोग आणि विषाणूजन्य रोग ही दोन स्वतंत्र प्रकरणं असतात. घोडा पाळणाऱ्याने मात्र ती एकत्र वाचावीत असं मला मनापासून वाटतं. कारण बाहेरून आलेला विषाणू घोड्याचं किती बिघडवणार, हे पुष्कळदा त्याला आईबापांकडून काय मिळालं आहे यावर ठरतं. आणि कुठली घोडी कुठल्या घोड्याला लावायची हे तर माणूसच ठरवतो.

याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण अरबी घोड्यांचं आहे. अरबी घोडा आपल्याला परका नाही. एकोणिसाव्या शतकात बसऱ्याहून आणि आखातातल्या इतर बंदरांतून घोड्यांनी भरलेली जहाजं मुंबईला लागत. त्याच्याही कितीतरी आधीपासून दख्खनच्या तट्टांमध्ये अरबी रक्त मिसळत आलं होतं. भीमेच्या खोऱ्यातलं भीमथडी तट्टू त्यातूनच घडलं असं मानतात. या देखण्या, काटक अरबी जातीत एक जीवघेणा आनुवंशिक दोष आहे. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला 'सिड' (SCID) म्हणतात. रोगप्रतिकारशक्तीचा जवळजवळ संपूर्ण अभाव, असा त्याचा अर्थ.

घोडी व्याते. शिंगरू तासाभरात उभं राहतं, आचळ शोधतं, चीक पितं, दुसऱ्या दिवशी आईच्या मागे दुडदुडत फिरतं. पहिला महिनाभर त्याच्यात खोट काढायला जागा नसते. मग कधीतरी नाक वाहू लागतं. खोकला येतो. डॉक्टर प्रतिजैविकं देतात, चार दिवस बरं वाटतं, पुन्हा ताप चढतो. अंगावरची लव रखरखीत होते, बरगड्या दिसू लागतात, हगवण लागते. शेवटी फुप्फुसं भरून येतात आणि पाच महिन्यांचं होण्याआधीच शिंगरू जातं. मालक म्हणतो, गारठा बाधला. कुणी म्हणतं, नजर लागली. आजाराची लक्षणं पाहिली तर हा न्यूमोनियाच असतो, आणि त्यामागे बहुतेक वेळा घोड्यांचा अ‍ॅडेनो विषाणू असतो.

हाच अ‍ॅडेनो विषाणू शेजारच्या धडधाकट शिंगराच्या नाकातही पोचलेला असतो. त्याला फार तर थोडी सर्दी होते, नाहीतर काहीच होत नाही. मग एक शिंगरू मरतं आणि दुसरं बागडतं, असं का?

घोडीच्या पोटात असताना शिंगराला आईच्या रक्तातली प्रतिपिंडं, म्हणजे जंतूंशी लढणारी प्रथिनं, मिळत नाहीत, कारण घोडीची वार ती पलीकडे जाऊ देत नाही. माणसाच्या बाळाला ती गर्भातच मिळतात, शिंगराला मात्र सगळी भिस्त चिकावर ठेवावी लागते. तोही वेळेवर मिळायला हवा. पहिल्या काही तासांत आतडं ही प्रतिपिंडं उत्तम शोषतं, आणि चोवीस तासांच्या आसपास ते दार बंद होतं. पुढचे काही आठवडे शिंगरू आईच्या या शिदोरीवर तगतं आणि तोवर स्वतःची प्रतिकारशक्ती उभी करतं. दोष असलेल्या शिंगराचीही सुरुवात अशीच होते. पण शिदोरी दोन-तीन महिन्यांत संपत येते, तेव्हा त्याच्या अंगात स्वतःचं असं काहीच तयार झालेलं नसतं.

ते का होत नाही, हे थोडं समजून घेऊ. शरीरात येणाऱ्या हरतऱ्हेच्या जंतूंना ओळखण्यासाठी पांढऱ्या पेशींना लाखो वेगवेगळ्या रचनांची प्रथिनं बनवावी लागतात. तेवढ्या प्रत्येकासाठी स्वतंत्र जनुक असणं अशक्य. म्हणून या पेशी आपल्याच जनुकांचे तुकडे करतात आणि ते निरनिराळ्या जोड्यांनी पुन्हा सांधतात. निरनिराळ्या चिंध्या जोडून प्रत्येक घरात वेगळी गोधडी व्हावी, तसं हे काम. सांधण्यासाठी लागणारं एक प्रथिन ज्या जनुकावरून बनतं, त्यातली पाच अक्षरं या अरबी घोड्यांत गळालेली आहेत. तुकडे होतात, पण जोडले जात नाहीत. त्यामुळे लढणाऱ्या लिम्फोसाइट पेशी तयारच होत नाहीत. रक्त तपासलं तर त्यांची संख्या एका मायक्रोलिटरला हजाराच्याही खाली सापडते आणि शिंगराने स्वतः बनवायचं आयजीएम प्रतिपिंड दिसत नाही.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. चीक वेळेवर न मिळालेलं निरोगी शिंगरूही असंच वारंवार आजारी पडतं, आणि दोघांत गल्लत होते. पण अशा शिंगराला दुसऱ्या घोड्याचा प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, देऊन सावरता येतं, आणि पुढे त्याचं शरीर स्वतःची प्रतिपिंडं बनवू लागतं. सिड असलेल्या शिंगराला प्लाझ्मा दिल्याने थोडे दिवस वाढवून मिळतात, इतकंच.

हा रोग शास्त्रीय नियतकालिकात पहिल्यांदा १९७३ साली अमेरिकेतून नोंदला गेला. प्रयोगशाळेतल्या उंदरांमध्ये अशीच अवस्था सापडली ती १९८३ मध्ये, म्हणजे दहा वर्षांनी, आणि गंमत अशी की तिथेही त्याच जनुकात बिघाड निघाला. तेच उंदीर पुढे कर्करोगाच्या आणि विषाणूंच्या संशोधनाचा आधार झाले. घोड्यातला नेमका दोष १९९७ मध्ये सापडला आणि त्यावरून चाचणी तयार झाली. त्यानंतर अमेरिकेतल्या अरबी घोड्यांची पाहणी झाली, तेव्हा ८.४ टक्के घोडे वाहक निघाले.

वाहक म्हणजे आजारी नव्हे, हे नीट लक्षात घ्या. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. एक प्रत सदोष आणि एक चांगली असेल तर घोडा पूर्णपणे निरोगी असतो. पळतो, स्पर्धा जिंकतो, म्हातारा होतो. दोन वाहक एकमेकांना लावले तरच धोका असतो, आणि तोही प्रत्येक वेतात चारात एक. म्हणून तर हा दोष पिढ्यान्‌पिढ्या लपून राहतो. तीन वेळा चांगली शिंगरं झाली की मालकाला वाटतं, जोडी उत्तम आहे. चौथं शिंगरू गेलं की तो दोष हवामानाला देतो.

आता हिशेब करू. ८.४ टक्के वाहक असलेल्या कळपात जोड्या नुसत्या योगायोगाने लागल्या तर साधारण साडेपाचशे शिंगरांत एक आजारी जन्माला येईल. पण घोड्यांच्या जोड्या कुठेच योगायोगाने लागत नाहीत. एखादा घोडा गाजला की त्याच्याकडे घोडी घेऊन येणाऱ्यांची रांग लागते, मग त्याच्या मुलाला त्याचीच नात लावतात, कारण 'रक्त पक्कं' ठेवायचं असतं. त्या गाजलेल्या घोड्यात दोषाची एक प्रत असली की ती अशी घरातल्या घरात फिरत राहते आणि कुठेतरी दोन प्रती एकत्र येतात.

दोष आणि विषाणू यांची अशी गाठ इतरही ठिकाणी पडते. घोड्याच्या कातडीवर, विशेषतः डोळ्याभोवती, कानाच्या मुळाशी, पोटाखाली, मांडीच्या आतल्या बाजूला कधी कधी गाठी येतात. सुरुवातीला केस गळालेला खडबडीत चट्टा दिसतो, मग तो चामखिळीसारखा वर येतो, कधी मांसल होऊन चिघळतो. याला सारकॉइड म्हणतात. घोड्यांच्या कातडीत सर्वांत जास्त आढळणारी गाठ ती हीच, आणि तिच्यामागे असतो गाईबैलांना चामखीळ करणारा पॅपिलोमा विषाणू. आपल्याकडे गोठा आणि पागा शेजारी-शेजारी, कित्येकदा एकाच छपराखाली असतात आणि माश्या दोन्हीकडे बसतात, म्हणून हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. विषाणू सगळ्यांच्या आसपास असतो, गाठ मात्र काहींनाच येते. क्वार्टर हॉर्स जातीत ती जास्त दिसते, स्टँडर्डब्रेडमध्ये कमी. प्रतिकारशक्तीशी संबंधित काही जनुकांचा त्याच्याशी संबंध असल्याचं अभ्यासांतून पुढे आलं आहे. माणसाची चामखीळ घालवायला घोड्याच्या शेपटीचा केस बांधण्याची पद्धत आपल्याकडे अजून आहे. घोड्याच्या गाठीवर मात्र हा प्रयोग कृपा करून करू नका. सारकॉइड अर्धवट कापला किंवा डिवचला की दुप्पट जोमाने परत येतो. पहिला चट्टा दिसला की पशुवैद्यकाला दाखवणं, एवढंच करावं.

दुसरं उदाहरण पैदास करणाऱ्यांच्या थेट जिव्हाळ्याचं आहे. इक्वाइन व्हायरल आर्टरायटिस नावाचा रोग आहे. त्याचा विषाणू अमेरिकेतल्या ओहायो राज्यात १९५३ साली प्रथम वेगळा केला गेला. ताप, पायांना आणि डोळ्यांना सूज, गाभण घोडीचा गर्भपात ही त्याची लक्षणं. बहुतेक घोडे बरे होतात. पण काही नर घोड्यांच्या जननेंद्रियांत तो विषाणू वर्षानुवर्षं राहतो आणि वीर्यातून बाहेर पडत असतो. घोडा दिसायला तेजस्वी, भूक उत्तम, आणि ज्या घोडीला लावला तिच्या तबेल्यात रोग. कोणता नर असा कायमचा वाहक होणार, यात एका विशिष्ट जनुकाचा मोठा हात असल्याचं गेल्या दीड दशकात कळलं आहे. म्हणजे विषाणू बाहेरून आला, पण त्याला बिऱ्हाड करू द्यायचं की नाही हे घोड्याच्या वंशाने ठरवलं.

विषाणूचा काडीचाही संबंध नसलेले जातीचे आजारही आहेत. त्यांत एक असा आहे की माणसाच्या हौसेने तो वाढवला. अमेरिकेत १९६९ साली जन्मलेला 'इम्प्रेसिव्ह' नावाचा क्वार्टर हॉर्स पिळदार शरीरासाठी इतका गाजला की त्याची हजारो वंशजं तयार झाली. त्या पिळदार स्नायूंमागे सोडियमची ये-जा सांभाळणाऱ्या जनुकातला एक बदल होता. रक्तातलं पोटॅशियम वाढलं की या घोड्यांचे स्नायू थरथरू लागतात, डोळ्यातला तिसरा पडदा पुढे येतो, घाम फुटतो, घोडा कुत्र्यासारखा बसतो, कधी जागीच मरतो. यात एकच सदोष प्रत पुरते, त्यामुळे लपून राहायला वाव नाही. तरीही देखणेपणासाठी लोक तो वंश वाढवत राहिले. १९९२ मध्ये जनुकातला बदल सापडला, आणि २००७ पासून जन्मलेल्या, दोन्ही प्रती सदोष असलेल्या शिंगरांची नोंदणी तिथल्या संघटनेने बंद केली. अशा घोड्यांच्या खाद्यात लसूणघास आणि मळी टाळावी लागते, कारण दोन्हींत पोटॅशियम भरपूर. आपल्याकडे क्वार्टर हॉर्स फारसे नाहीत. पण बक्षिसं देणाऱ्यांनी एखादा गुण डोक्यावर घेतला की त्याच्यामागचा दोषही वाढतो, हे मारवाडी, काठियावाडी, कुठल्याही जातीच्या प्रदर्शनाला लागू आहे.

विषाणूंचं म्हणाल तर काहींपुढे जात-बीत काही चालत नाही. घोड्यांचा इन्फ्लुएन्झा त्यांतला. भारतात त्याची मोठी साथ १९८७ मध्ये आली, आणि पुन्हा जून २००८ मध्ये जम्मूजवळच्या कटरा इथे, वैष्णोदेवीच्या वाटेवरच्या घोड्या-खेचरांपासून सुरू होऊन ती अनेक राज्यांत पसरली. २०२५ मध्ये केदारनाथची यात्रा सुरू होण्याच्या सुमारास रुद्रप्रयाग जिल्ह्यातल्या खेचरांत तो सापडला आणि वाहतूक काही काळ थांबवावी लागली. महाराष्ट्रातून तिथे जाणाऱ्या कितीतरी जणांची यात्रा याच जनावरांच्या पाठीवरून होते. हा रोग एरवी बरा होतो. घोडा दगावतो तो त्याला विश्रांती न देता कामाला जुंपलं म्हणून, कारण आधीच सोललेल्या श्वासनलिकेत जिवाणू शिरतात आणि न्यूमोनिया होतो. ताप जितके दिवस होता तितके आठवडे आराम, असा जुना नियम आहे. पोटासाठी रोज घोडा चालवणाऱ्या माणसाला हे परवडत नाही हे मला कळतं. म्हणूनच साथीच्या काळात त्याला भरपाई मिळायला हवी, नाहीतर तो खोकणारा घोडा लपवणार आणि साथ पुढे जाणार.

आफ्रिकन हॉर्स सिकनेस हा सगळ्यांत भीतिदायक. तो चिलटांसारख्या बारीक चावऱ्या कीटकांतून पसरतो, आणि ज्या घोड्यांनी तो कधी पाहिलेला नाही त्यांत फारच थोडे वाचतात. १९५९ च्या सुमारास तो पश्चिम आशियातून पुढे सरकत भारतापर्यंत आला होता, आणि त्या सगळ्या पट्ट्यात लाखोंनी घोडे-गाढवं मेली. २०१४ पासून भारत या रोगापासून अधिकृतपणे मुक्त आहे. पण २०२० मध्ये तो अचानक थायलंडमध्ये उगवला, आणि ते अंतर काही फार नाही.

इक्वाइन इन्फेक्शस अ‍ॅनिमियाचा विषाणू माणसातल्या एचआयव्हीच्या कुळातला. एकदा शिरला की आयुष्यभर राहतो. औषध नाही, लस प्रचारात नाही. मोठ्या चावऱ्या माश्या तो नेतात, आणि एकाच सुईने ओळीने पाच घोड्यांना इंजेक्शन देणारा माणूसही नेतो. दुसरं कारण तरी आजपासून बंद करता येईल. हा रोग ओळखणारी कॉगिन्स चाचणी १९७० पासून उपलब्ध आहे, आणि जगभरात घोडा नेण्याआणण्याआधी ती मागतात. हर्पिस विषाणूचं वेगळंच. तो बहुतेक घोड्यांच्या अंगात झोपलेला असतो आणि प्रवास, गर्दी, थकवा यांनी जागा होतो. मग गाभण घोडी शेवटच्या महिन्यांत गाभ टाकते, किंवा घोड्याचे मागचे पाय लुळे पडतात. २०२१ मध्ये स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाच्या एका स्पर्धेत तो जागा झाला आणि युरोपातल्या अश्वस्पर्धा काही आठवडे बंद ठेवाव्या लागल्या. आपल्याकडे बाजारातून आणलेली नवी घोडी त्याच संध्याकाळी गाभण घोड्यांच्या शेजारी बांधतात, ते याच कारणासाठी टाळायला हवं. ग्लँडर्स या घोड्यांच्या घातक रोगाचं नाव यात घेतलं नाही, कारण तो जिवाणूंमुळे होतो. तो माणसालाही होतो, आणि त्याची तपासणी मात्र चुकवू नये.

रोगमुक्तीचा कागद किती मोलाचा असतो याचं एक उदाहरण. हांगझोच्या आशियाई स्पर्धांत २०२३ मध्ये भारताने ड्रेसाजमध्ये, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या स्पर्धेत, सांघिक सुवर्णपदक मिळवलं, त्या चमूत मुंबईचा हृदय छेडा होता. त्यांचे घोडे युरोपातून आणलेले होते. भारतातले घोडे परदेशी स्पर्धांना नेणं फार अवघड, कारण आपल्याकडच्या घोड्यांच्या आरोग्यावर इतर देशांचा भरवसा नाही. जुलै २०२५ मध्ये मेरठच्या लष्करी अश्वकेंद्राला रोगमुक्त कक्ष म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली, आणि तो रस्ता आता कुठे उघडू लागला आहे.

मग घोडा पाळणाऱ्याने करायचं काय? नवा घोडा आला की निदान तीन आठवडे वेगळा बांधा. त्याची बादली, खरारा, मोहरकी, सगळं वेगळं. मोतद्दाराने त्याचं काम सर्वांत शेवटी करावं. रोज सकाळी गुदद्वारात थर्मामीटर लावून ताप पाहा. मोठ्या घोड्याचं तापमान साधारण ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सियस असतं. खोकला सुरू व्हायच्या आधी ताप दिसतो, आणि तेवढ्या एका दिवसात बाकीचा तबेला वाचू शकतो. इन्फ्लुएन्झाची आणि धनुर्वाताची लस वेळच्या वेळी द्या. क्वार्टर हॉर्सच्या काही वंशांत एक आनुवंशिक दोष असा आहे की संसर्गानंतर, क्वचित लशीनंतरही, पाठीचे स्नायू झपाट्याने झिजतात. म्हणून अशा घोड्याच्या डॉक्टरला वंशाची माहिती द्या. लस सोडून देणं हा त्यावरचा उपाय नव्हे.

जोडी लावण्याआधीची तपासणी तर आणखी सोपी. सुईसुद्धा लागत नाही. आयाळीचे किंवा शेपटीचे वीस-तीस केस मुळासकट उपटून कागदाच्या पाकिटात ठेवायचे. कापलेले चालत नाहीत, कारण तपासणी मुळाच्या गाठीतल्या पेशींवर होते. अरबी रक्ताचा घोडा असेल तर सिडबरोबर आणखी दोन गोष्टी तपासून घ्याव्यात. एका दोषात शिंगराची लव जांभळट-करडी दिसते आणि ते जन्मल्यावर उभंच राहू शकत नाही. दुसऱ्यात लहान मेंदू झिजतो आणि महिन्या-दीड महिन्यानंतर मान डुलू लागते.

अहवालात 'वाहक' आलं म्हणून चांगला घोडा किंवा घोडी पैदाशीतून बाद करू नका. तिला दोषमुक्त घोडा लावला की आजारी शिंगरू होण्याचा प्रश्नच येत नाही. सगळेच वाहक एकदम काढून टाकले तर जातीतली विविधता आटते, आणि मग आज माहीत नसलेला एखादा दुसरा दोष वर येतो. भीमथडीच्या बाबतीत तर हे फार जपायला हवं. धनगरांच्या वाड्यांबरोबर पुणे, सोलापूर, साताऱ्याच्या माळांवरून फिरणाऱ्या या तट्टांची स्वतंत्र जात म्हणून नोंद अलीकडेच झाली आहे. नोंद झाली की मागणी वाढेल, चार-दोन घोडे गाजतील आणि सगळे त्यांच्याच मागे लागतील. त्याआधी कळपाकळपातून केस गोळा करून कुणाचं नातं कुणाशी किती जवळचं आहे हे तपासून ठेवलं, तर पुढच्या वीस वर्षांत कुठली घोडी कुठे न्यायची हे धनगरांना आधार घेऊन ठरवता येईल.